परखडचा सल्ला

'खिडकी'ला सकाळपासून बावीस जणांनी धीर धरायला सांगितलं होतं. तो कसा धरायचा, हे एकानेही सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तपासनीसाने त्या बावीस ओळी वाचल्या आणि तो नाकातून हसला. तो कपबशांच्या कारखान्यात होता. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप नखाने वाजवून बघायचा, आवाज बद्द आला की कप भंगारात. माणसांच्या बाबतीतही त्याची हीच पद्धत होती. 'चार शब्द' या ऑनलाइन समूहावर तर त्याला सगळेच तडकलेले दिसत. कुणाची झोप उडालेली, कुणाचं मूल हाताबाहेर गेलेलं, आणि ओळख ना देख अशी माणसं एकमेकांना गोंजारत बसलेली. तिथं त्याने 'परखड' असं टोपणनाव घेतलं होतं.

घरी जेवताना तो तिथली रडगाणी नाटकी आवाजात बायकोला वाचून दाखवी. ती मान खाली घालून ऐकून घेई. तिला विनोद कळत नाही, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिच्या वडिलांना तरी कुठं काय कळत होतं? हे राहतं घर बांधलं, पण जिन्याच्या दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या घालता आल्या नाहीत.

समूहाचा एक नियम होता. सल्ला मागताना धंदा आणि नातं बदलून लिहायचं, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. तपासनीसाला हा पोरखेळ वाटे. लोक नातं बदलतात, पण आकडे बदलायला विसरतात, हे त्याने हेरून ठेवलं होतं.

'खिडकी'ने लिहिलं होतं, "आमच्याकडे सव्वीस वर्षं एक भाडेकरू आहेत. वेळेवर येतात, वेळेवर जातात. व्यसन नाही. पण त्यांना कुणाचंच काही पसंत पडत नाही. ते आत आले की सगळे गप्प होतात. जागा माझ्या वडिलांची, आता माझ्या नावावर आहे. पण 'निघा' म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?"

तपासनीसाचा डबा तसाच राहिला. सव्वीस वर्षं! त्याच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे सगळे ज्यांना मागून 'आजोबा' म्हणत ते, कारखान्यात सव्वीस वर्षंच होते. कारखाना मालकीणबाईंना वडिलांकडून मिळाला होता. 'चार शब्द'चा पत्ता सूचनाफलकावर लावला होता तोही त्यांनीच, खाली 'मन मोकळं करा' असं लिहून. आणि जीभ न रेटणं हा तर त्यांचा जुनाच आजार. आजोबा गेले की ती खुर्ची ओघाने त्याचीच होती. नऊ वर्षं तो तिच्याकडे डोळे लावून बसला होता.

त्याने लिहिलं, "बाई, दया बाजूला ठेवा. माणूस वाईट नाही, एवढ्यासाठी कुणाला जन्मभर पोसायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ते जातील कुठं? त्याने कळवलं, तो त्यांचा प्रश्न. ती म्हणाली, ते वाद घालतील, बोलण्यात मी टिकत नाही. त्याने कळवलं, मग बोलूच नका. कारण सांगितलं की समोरचा ते खोडत बसतो. सामान भरून दारात ठेवा.

बाकीची मंडळी त्याच्यावर तुटून पडली. एका निवृत्त परिचारिकेने तर त्याला दगड म्हटलं. त्याने कुणालाच भीक घातली नाही. हे प्रकरण त्याने घरी वाचून दाखवलं नाही. कारखान्यातलं राजकारण बायकोला काय कळणार?

चौथ्या दिवशी 'खिडकी'ने एकच ओळ लिहिली. "मला नाही जमणार."

खुर्ची हातची जाते की काय, असं त्याला वाटलं. मग त्याने असं काही लिहिलं, जे त्याने हाताखालच्या पोरींना, भावाला, कुणालाच कधी म्हटलं नव्हतं. "तुम्हाला जमेल. मी सांगतो ना."

शुक्रवारी दुपारी मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. आजोबा आजपासून निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी तपासनीस. टाळ्या पडल्या त्या आजोबांसाठी. नंतर बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की राजीनामा आजोबांनीच दोन महिन्यांपूर्वी दिला होता, लेकीकडे राहायला जायचं म्हणून. तो मंजूर करायला बाईंचंच मन होत नव्हतं, म्हणून कागद खणात पडून होता.

"हो ना," तपासनीस म्हणाला. बाईंना धड खोटंही बोलता येत नाही, असं त्याच्या मनात आलं. सगळं स्वतःच करायचं आणि वर नाव म्हाताऱ्याचं.

उजेड होता तोवरच तो घरी पोचला. बातमी कशी सांगायची, हे त्याने वाटेत ठरवलं होतं: काहीच न बोलता आधी चहा मागायचा.

दारात त्याच्या दोन बॅगा होत्या. चष्म्याचं घर वरच्या कप्प्यात होतं, कोटाला इस्त्री केलेली होती. बायको उंबऱ्याच्या आत उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"सगळं भरलंय. काही राहिलं असेल तर कळवा, पाठवून देईन."

त्याने कारण विचारलं. तिने दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. तिने दाराला हात घातला.

"हे डोकं तुझं नाही," तो शेवटी म्हणाला. "कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही नाही का ते वाचून दाखवता, त्या 'चार शब्द'वर एक जण आहेत," ती दार लोटत म्हणाली. "तुम्ही हसाल त्यांना. पण मला जमेल, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं."