न तापणारा लॅपटॉप

सलग तिसऱ्या शनिवारी ओमुरबेक दुकानात शिरला, तेव्हा बुरुलने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नारिनहून बिश्केकला यायचं म्हणजे सहा तासांचा रस्ता. तेवढ्या लांबून म्हातारा यायचा, डोक्यावरचा पांढरा कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवायचा, मुलाला खेळायला लॅपटॉप हवाय म्हणायचा आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत जायचा.

तिच्या मते सगळा दोष तालायचा होता. लॅपटॉपमधलं त्याच्याइतकं दुकानात कुणालाच कळत नव्हतं, पण तो मुळातच घुमा. म्हाताऱ्याशी तर मोजून चार शब्द बोलायचा. बुरुलला इथे लागून दोनच महिने झाले होते, तरी गेल्या शनिवारी न राहवून तिने त्याला सुनावलं होतं. गिऱ्हाईक आहे, जरा माणसासारखं बोलावं.

"त्यांना घ्यायचं काही नसतं," तालाय म्हणाला होता. "नुसते बघायला येतात."

आज तालाय मागे गोदामात होता. बुरुलने ओमुरबेकला स्टुलावर बसवलं, वाटीत चहा ओतून दिला आणि मुलगा कोणते खेळ खेळतो ते विचारलं. म्हाताऱ्याला नाव सांगता येईना. मग हळूहळू भलतंच सांगू लागला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कापलेलं गवत रानात पडून होतं, आभाळ भरून आलं होतं आणि पोरगा खेळाच्या यंत्रासमोरून उठत नव्हता. आठवड्याने अल्माटीला कसली मोठी स्पर्धा होती म्हणे. ओमुरबेक लाकडं फोडून आत आला होता. कुऱ्हाड हातातच होती.

"मारलं यंत्राला, पोरी. लागलं त्याला," तो म्हणाला. मुलगा त्याच दिवशी घराबाहेर पडला. न जेवता.

"आता बोलतो का?"

"विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो."

तेवढ्यात तालाय खोकी घेऊन आला. ओमुरबेक लगबगीने उठला आणि एका पातळ, चंदेरी लॅपटॉपवर बोट ठेवून विचारू लागला, हा कसा आहे. तालाय म्हणाला, दिसायलाच चांगला. तासाभरात तापतो, मग खेळ अडखळतो. शेजारचा, रंगीत दिव्यांचा? त्यात दिवेच आहेत, आतली चिप जुनी.

"तुला स्वतःला घ्यायचा असता तर?"

तालायने स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली. "मी खेळत नाही आता."

"घ्यायचा असता तर, म्हटलं."

बुरुल अवघडली. मग तालाय खाली बसला आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक जाडजूड, काळा लॅपटॉप काढून त्याने काउंटरवर ठेवला.

"हा. जड आहे, ओबडधोबड आहे. पण पंखे मोठे आहेत, तापत नाही. पडद्यावरचं चित्रही मागे राहत नाही. पाच-सहा वर्षं आरामात चालेल."

ओमुरबेकने झाकणसुद्धा उघडून पाहिलं नाही. "हाच दे."

इतक्या सहज विक्री होईल असं बुरुलला वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याचं मन पालटायच्या आत तिने हमीपत्र पुढे ओढलं आणि कुणाच्या नावाने करायचं ते विचारलं.

"मुलाच्या."

"नाव सांगा."

ओमुरबेकने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याने मान खाली घातली, कल्पाकाची कड बोटांनी चाचपत राहिला. डोळे भरून आले होते. बुरुल पेन धरून थांबली.

खोकं बांधता बांधता तालायचे हात थांबले.

"लिही," तो म्हणाला. "तालाय. ओमुरबेकचा मुलगा."