साहेबांसाठी खुर्ची

छावणीमागच्या वस्तीत पक्क्या छपरासाठी सरकारी अनुदान येणार होतं आणि त्यासाठी घरं बघायला साहेब येणार होते. शेवंताची सून दिवसांवर आलेली, डोक्यावर नुसती ताडपत्री. तरी शेवंताने गल्लीतली एकुलती एक खुर्ची मागून आणली, तिचा मोडका हात सुतळीने आवळला आणि शेजारच्या रामदुलारीचा पंखाही आणून लावला.

"अगं, आपली गरिबी दाखवायचीय," तिचा नवरा मल्हारी वैतागला, "रुखवत नाही मांडायचा!"

"मग दारी आलेल्या माणसाला चिखलात बसवू? ताडपत्री दिसतेच की वर."

साहेब खुर्चीत ऐसपैस बसले, पोहे दोनदा मागून खाल्ले आणि जाताना दारावर खडूने फुली मारली. आपलं घर निवडलं, असं समजून शेवंता हरखली. खुर्ची आणि पंखा उचलून ती मागच्या बोळाने पुढच्या घरी धावली. तिथेही फुली पडली, त्याच्या पुढच्या घरीही.

शेवटच्या घरात साहेबांनी सुतळीवरून बोट फिरवलं आणि ते खो-खो हसले. "अरे, ये कुर्सी तो हर घर में हमसे पहले पहुँच जाती है!"

"पूरी गली में एक ही है, साहब," शेवंता म्हणाली. चला, साहेबांना आपली दशा कळली, म्हणून तिला बरंच वाटलं.



"मालूम है, अम्मा," ढेकर देत साहेब उठले आणि त्यांनी खडू काढला, "पर जिस घर में कुर्सी-पंखा दिखे, उसका नाम काटना पड़ता है. नियम है."