कोनाड्यातला खडा

"मीठ खावंसं वाटतं का गं तुला?"

डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं आणि कमळाचं उरलंसुरलं अवसान गेलं. साऱ्या दुनियेत विचारायला नेमका हाच प्रश्न सापडला! खाटेच्या पायथ्याशी सासू उभी होती, गुणाबाई. कमळानं मान हलवली. नाही.

साल असेल एकोणीसशे पंचावन्न-छप्पन, दवाखाना चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा. सावली गावाकडच्या खेड्यातून मूल स्टेशनापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं गुणाबाईनं गरवार सुनेला आणलं होतं. सून उभी राहिली की भोवळ येऊन पडायची. खाल्लेलं ओकून टाकायची. आणि काळी पडत चालली होती. उन्हानं रापावी तशी नव्हे. तळहाताच्या रेषा काळ्या, हिरड्यांवर काळे डाग. विहिरीवर बाया तिच्यापासून लांब सरकायच्या. नवरा, पत्रू, जंगलात लाकूडतोडीला गेलेला. माहेर वैनगंगेपलीकडं, आरमोरीला. बोलायला घरात एक कपिली गाय तेवढी. कमळा तिच्याशीच बोलायची.

सासू बोलायची ते कामापुरतं. ताट वाढायची, तेही अळणी. मागच्या खेपेला कमळाचे पाय सुजले आणि पोर पोटातच गेलं. वैदू म्हणाला, मिठानं घात केला. झालं! गुणाबाईनं गावदेवी मातामायपुढं पदर पसरला आणि कबूल केलं, पुढचं पोर जितं हाती येईपर्यंत सुनेच्या ताटात मीठ वाढणार नाही. कमळाला पुन्हा दिवस गेले आणि मिठाचं मडकं सासूच्या पेटीत कुलुपात गेलं.

आणि डोहाळे लागले ते मिठाचेच! काय म्हणावं नशिबाला. इतर बायांना चिंचा-बोरं हवी असतात, हिला नुसतं मीठ. जीव कासावीस व्हायचा. मग एके दुपारी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिला खडेमीठ दिसलं. गायीचं असणार. टाचा उंचावून तिनं खडा काढला आणि तिथंच, शेणामुतात उभी राहून, चोखून संपवला. दुसऱ्या दिवशी तिथं नवा खडा होता. तोही तिनं खाल्ला. मग रोजचंच झालं. रोज खडा खायचा आणि रोज कपिलीच्या गळ्यात पडून रडायचं. मुक्या जनावराच्या तोंडचं चोरतो आपण, देवीची कबुली मोडतो. हेही पोर गेलं तर आपल्याच हातानं जाणार. सांगणार कुणाला?

डॉक्टरीणबाई खाटेवर टेकल्या.

"हे बघ, आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहानशा ग्रंथी असतात. त्या थकल्या की अंगात मीठ टिकत नाही. भोवळ येते, ओकारी होते, कातडी काळी पडते. मला तुझा तोच आजार वाटतोय. पण त्यात माणूस मिठासाठी तळमळतो. आणि सासू सांगते तसं मीठ कुलुपात असताना इतके महिने त्याचा कणही मिळाला नसता, तर तू माझ्यापर्यंत पोचलीच नसतीस. तू तर नाही म्हणतेस. मग माझंच चुकतंय. खरं काय ते सांग बाई. औषध नागपूरहून मागवायचंय. भलतंच देऊन बसले तर तूही जाशील आणि लेकरूही."

पोटात पोरानं लाथ मारली. कमळानं डोळे मिटून घेतले.

"चोरून खातो मी, बाई. गोठ्यातल्या कोनाड्यातला खडा. गायीचा. रोज."

आता सासूचा हात उठणार म्हणून ती अंग चोरून पडून राहिली. थप्पड आली नाही. डॉक्टरीणबाईंचाच आवाज आला, "अगं वेडे, त्या खड्यानंच तुम्हा दोघांना जगवलं!"

मग एकच धावपळ उडाली. मिठाच्या पाण्याची बाटली टांगली गेली, दंडात सुई गेली. कॉर्टिसोन या औषधासाठी नागपूरला तार करायला माणूस पळाला. जाता जाता डॉक्टरीणबाई गुणाबाईवर कडाडल्या, "आणि तुम्ही! गरवार बाईचं मीठ कुलुपात घालता? बाळंत होईपर्यंत आणि नंतरही, हिच्या जेवणात मीठ हवंच. औषधासोबत रोज. समजलं?"

गुणाबाईनं मान डोलावली.

खोलीत दोघीच उरल्या. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत होतं. कमळाला हुंदका आवरेना.

"माय, चुकली मी. कपिलीच्या तोंडचं खाल्लं."

गुणाबाईनं पदराच्या टोकानं तिचे डोळे पुसले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"ताटात नाई वाढीन, एवढंच बोलली होती मी मातामायले. ताटात नाई वाढलं. पन गरवारशीचं मन मारलं तं पोराचा कान फुटते म्हनतात. रोज भेव वाटे वं मले, खडा ठेवला तरी अन् नाई ठेवला तरी."

कमळा तिच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"अन् येडे, गायीचं तोंड त्या कोनाड्यापर्यंत पोचते तरी का?"