पाचवं नाव

"फुकटचे मार्क खायला आलीय ही. मी नाव काढतेय तिचं," मी ग्रुपवर लिहिलं. प्रोजेक्ट पाठवायला दहा मिनिटं उरली होती.

दोन देशांतले आम्ही पाच विद्यार्थी, मिळून एका पादचारी पुलाचं डिझाइन करत होतो. चौघं महिनाभर चॅटवर तावातावाने भांडलो. समुद्रापलीकडची ती पाचवी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. फार तर एखादा अंगठा टाकायची.

कुणी हरकत घेतली नाही. तिनेही नाही. मी तिचं नाव खोडलं, फाइल पाठवली आणि तिला ग्रुपमधून काढलं. रागाच्या भरात ब्लॉकही करायला गेले, तर अनोळखी लोकांच्या मेसेजमध्ये तिचेच सव्वीस मेसेज, मी एकही न उघडलेला.

पहिला तीन आठवड्यांपूर्वीचा होता. "लीडर, मधल्या खांबाचं गणित चुकलंय. चारचौघांत सांगणं आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितेय."

कालचा होता, "तुम्ही रागावलात का?"

शेवटचा आत्ताच आला होता. "नाव काढलंत, चालेल. खांब तेवढा बदललात ना?"