अर्जाचा विषय

आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून विठ्ठलराव ओट्यावर अर्ज लिहायला बसलेले दिसले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, मनात म्हटलं, झालं, आजची पण वेळ चुकली.

पिरंगुटला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे अकराला पोचायचं होतं. सुनेनं, रुपालीनं, तिसऱ्यांदा नंबर लावला होता. पहिल्या खेपेला ह्यांना कुणाचा तरी साखरपुडा आठवला, दुसऱ्या खेपेला तहसीलदार. दहा वर्षं सरपंच होते. रिहे गावातल्या विजेच्या खांबापासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनीपर्यंत सगळे अर्ज ह्यांच्याच हातचे. आजही कुणाचा तरी खांब पडला असणार.

चहा द्यायच्या निमित्तानं त्यांनी कागदावर नजर टाकली.

‘मा. डॉक्टर बाई यांसी. विषय : छातीत धडधड होणेबाबत.’

सगुणाबाईंनी चहाची बशी कागदाशेजारी ठेवली.

"अवो, छातीची पट्टी दोनदा काढली की. दोन्ही टायमाला डॉक्टर म्हनला, काळीज तरण्या पोराचं हाय."

"व्हय." त्यांनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘झोप न लागणेबाबत.’

"आन् झोप कशानं लागत न्हाई? त्या इचारतील ना."

विठ्ठलराव बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. मग तीही ओळ खोडली. पुढचं लिहिताना कागदावर इतके वाकले, की सगुणाबाईंना वाचायला मान तिरकी करावी लागली.

‘विषय : रडू येणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवितो की, गेले सहा महिने अर्जदार विहिरीवर जाऊन मोटर चालू करतो व रडतो. मोटरच्या आवाजात ऐकू जात नाही. पाण्याची गरज नसते. कारण अर्जदारास ठाऊक नाही.’

वांग्यांचं वावर पाण्यानं कुजलं म्हणून सगुणाबाईंनी ह्यांना महिनाभर धारेवर धरलं होतं. तेही चारचौघींसमोर.

"समदं सांगनार त्यास्नी?"

"तितं गेल्यावर तोंड न्हाई उघडलं तर कागूद पुढं करीन. पर आदी हितं एकदा म्हनून बघतो. तू ऐक."

ते उभे राहिले, ग्रामसभेत राहायचे तसे, आणि वाचू लागले. दुसऱ्या ओळीलाच आवाज फाटला. आता थांबतील, असं सगुणाबाईंना वाटलं. थांबले नाहीत. डोळे गळत होते, नाक गळत होतं, आणि माणूस एकेक शब्द सुटा करून, घाई न करता वाचत होता. चाळीस वर्षांत त्यांनी ह्यांची भाषणं काय कमी ऐकली होती? बहुतेक वेळा तांदूळ निवडता निवडता. आज हात जागचे हलेनात.

डेअरीला दूध घालून परतणारा कोंडिबा रिकामा कॅन घेऊन अंगणाशी थबकला.

"काय सरपंच, कुणाचा म्हनायचा एवढा दुखाचा अर्ज?"

सगुणाबाई लगबगीनं पुढे झाल्या, काहीतरी थाप मारायला. विठ्ठलरावांनी त्यांना हातानंच थांबवलं. तोंडसुद्धा पुसलं नाही.

"माजा हाय," ते म्हणाले. "अकराला द्यायचाय. ऐकायचा असंल तर बस."