सेल्बीच्या रक्तातला आकडा

“आकडा उतरायचा सोडून दुप्पट झालाय, फिल मावशी. सेल्बी गोळ्या घेतोय ना वेळेवर?” दवाखान्यातल्या नर्सने फोनवर विचारलं.

“घेतो की. माझ्यासमोर घेतो.”

“मग मीठ कुठून जातंय पोटात? हृदयावर ताण आला की रक्तात हे बीएनपी वाढतं. असंच चाललं तर फुप्फुसात पाणी भरेल. मग माझ्या हातात काही नाही, मावशी.”

फिलोमिनाने फोन ठेवला. मीठ कुठून जातंय, हे न्यूफाउंडलंडच्या त्या अख्ख्या किनाऱ्यावर तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

डॉक्टरांनी बजावलं होतं, आकडा उतरला तरच सेल्बीने खेकड्यांच्या मोसमात बोटीवर पाय ठेवायचा. त्याच बोटीवरून थोरला भाऊ ॲम्ब्रोस त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात पडून बुडाला होता. तरी हा गडी रोज शेडमध्ये सापळे दुरुस्त करत बसायचा. धाकटा भाऊ क्लेम बोटीवर बोलवायला आला की मांडीवर थाप मारून म्हणायचा, “डॉक्टरने सोडू दे, निघालोच बघ!” फिलोमिनाने समजावून पाहिलं, रडून पाहिलं. मग तिने बोलणंच सोडलं आणि रविवारी खारवलेलं मांस उकडलं की त्याचं पाणी बाटलीत भरून ठेवू लागली. रोज त्याच्या कोबीत, बटाट्यात थोडं थोडं. सुजलेल्या पायांचा का होईना, नवरा घरात तर राहील, असा तिचा साधा हिशेब होता. फुप्फुसाचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने बाटली मोरीत ओतली आणि कोबी नुसत्या पाण्यात उकडला. सेल्बीने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

“आज विसरलीस वाटतं?”

“काय विसरले?”

“बाटली.”

“तुला माहीत होतं?”

“अगं, जन्मभर खारवलेलं खाऊन वाढलोय मी. मला मीठ कळणार नाही?” तो हसला, आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

आता मात्र तिला रडू फुटलं. रागही आला, स्वतःचा आणि त्याचाही. “मग गिळत का राहिलास, मेल्या? मरायचं होतं तुला?”

सेल्बीने ताट बाजूला सारलं. बाहेर क्लेमची गाडी येऊन थांबली, तसा त्याचा आवाज एकदम खाली गेला.

“डॉक्टर नको म्हणाला की भागतं, फिल. मला भीती वाटते, हे क्लेमला सांगावं लागत नाही.”