आईच्या काळची चाचणी

शाळेच्या समुपदेशक बाईंनी आईला समोर बसवलं. शेजारी मुलगी, दप्तर मांडीवर घट्ट धरून.

"गेल्या वर्षी मी हिची बुद्धिमत्ता चाचणी घेतली, ती जुन्या प्रश्नसंचावर. त्यात तुलना होते तुमच्या लहानपणच्या मुलांशी. पण तेव्हापासून मुलांचे गुण वाढतच गेलेत. आता नव्या संचावर घेतली, आजच्या मुलांशी तुलना केली, तर ही बरीच मागे पडते. हिला वेगळ्या पद्धतीनं शिकवायला हवं."

"म्हणजे माझ्या वर्गात असती तर खपून गेली असती?"

"अगदी आरामात."

"माझ्याच बाकावर बसली असती म्हणा की!" आई हसली. हसता हसताच थांबली. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, डोकं ठीक आहे, नुसता आळस आहे, जरा धाकात ठेवा म्हणून?"

बाईंनी मान खाली घातली. नवा संच गेल्या वर्षीही कपाटात होताच. जुना तोंडपाठ होता, म्हणून नव्याचं वेष्टन फोडायचा आळस त्यांनीच केला होता.

"चुकलं माझं."

"म्हणजे ही आळशी नव्हती?"

"नाही हो. जमत नव्हतं तिला."

आई मुलीकडे वळली. मग लेकीच्या केसांवरून फिरवायला तिनं हात उचलला.

मुलीनं झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.